सात नंबरचा हुक

ओर्लाची आई येतेय, असं आमच्या इथल्या पोलिसानं, तामातीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी स्कोनचं, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांचं, पीठ थापत होते. पहिला विचार मनात आला तो असा, की नको गं बाई, येऊ नकोस. दुसरा विचारही तोच होता. फोन ठेवून मी ते पीठ इतका वेळ थापत बसले की स्कोन दगडासारखे झाले. माझ्या नवऱ्यानं, अ‍ॅथलनं एक उचलला, उलटा करून बघितला आणि परत ताटलीत ठेवला.

आधी सरळ सांगून टाकते, आडून आडून बोलायची मला सवय नाही. मी खोटं बोलले होते. एका मेलेल्या मुलीबद्दल, पोलिसासमोर, माझ्याच स्वयंपाकघरात, हातात चहाची किटली धरून. आणि आता तिची आई आयर्लंडहून निघाली होती, तिची व्हॅन न्यायला आणि पोरगी शेवटी जिथं राहिली ती जागा बघायला. आल्यावर ती मला काहीतरी विचारणार, आणि मला एकतर खरं सांगावं लागणार किंवा त्या बाईच्या डोळ्यांत बघून तेच खोटं पुन्हा बोलावं लागणार.

आमचा कॅम्प डन्स्टर नदीच्या काठी आहे, रस्ता संपतो तिथे. पुढे नुसतं जंगल, पाणी आणि डोंगर. वीस व्हॅन उभ्या राहतील एवढी जागा, दोन न्हाणीघरं, एक सामायिक स्वयंपाकघर, आणि चावरी चिलटं, ती फुकट. पावसाचं विचारूच नका. बाहेरून आलेली पोरं व्हॅनच्या काचेतून वर बघत विचारतात, “थांबेल ना हो दुपारपर्यंत?” मी म्हणते, थांबेल की, पण कुठल्या दुपारी ते नाही सांगता येत. मोबाइल इथं लागत नाही. वर डोंगरात मुक्कामाच्या ज्या हट, म्हणजे लाकडी झोपड्या आहेत, त्यांत बाकडी, चूल आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहायची एक वही, एवढंच असतं.

म्हणून माझे हुक. ऑफिसच्या भिंतीवर ओळीनं वीस, नंबर घातलेले. पाठीवर पिशवी टाकून जो वर जाईल त्यानं आपल्या गाडीची चावी आपल्या नंबरच्या हुकाला अडकवायची आणि कधी परतणार ते मला सांगायचं. मी ते चिठ्ठीवर लिहून चावीला बांधते. ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चावी तिथंच दिसली, की मी तामातीला फोन लावते आणि तामाती हेलिकॉप्टर मागवतो. संपलं. सव्वीस वर्षांत अकरा माणसं या हुकांनी जिवंत खाली आणली. एकाला तर मी फोनवर ओरडून ओरडून आणवलं होतं, तामातीच्या आधीचा पोलीस म्हणत होता थोडी वाट बघू. पर्यटन खात्याचे लोक येऊन हुकांचे फोटो काढून गेले. मी शेजारी उभी, छाती काढून. गर्व होता मला. खोटं कशाला बोलू? म्हणजे, याबाबतीत तरी.

ओर्ला एप्रिलमध्ये आली. सव्वीस वर्षांची, दारावर निळी मेंढी रंगवलेली जुनी पांढरी व्हॅन, खिडक्यांना ताटं पुसायच्या फडक्यांचे पडदे. दोन दिवसांसाठी आली होती, पाऊस उघडेना म्हणून नऊ दिवस राहिली. माझ्याबरोबर बटाटे सोलायची आणि भयंकर गायची. अ‍ॅथल ऐकू यायचं यंत्र कानातून काढून खिशात टाकायचा, आणि तिला ते कळलं तेव्हा ती आणखी मोठ्यानं गायला लागली. विसरभोळी होती का? होती. टॉवेल विसरायची, साबण विसरायची, एकदा उकळतं पाणी चुलीवर ठेवून नदीवर गेली. मी तिला खूप बोलले. मी सगळ्यांनाच बोलते. ती हसायची.

एका रविवारी जरा उघडीप मिळाली आणि ती निघाली. वरच्या हटला जाऊन गुरुवारी परत. निघताना म्हणाली, “ग्लेनिस, ते मदतीचा सिग्नल पाठवायचं यंत्र मिळतं ना होकिटिका गावात भाड्यानं? घेऊन येऊ का? एक दिवस उशिरा निघते.”

“कशाला? त्याचं बटण दाबायला माणूस शुद्धीवर लागतो,” मी म्हटलं. “माझा हुक कायम शुद्धीवर असतो. जा तू.”

ती गेली. चावी सात नंबरला अडकवून गेली. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी मी ग्रेमथला गेले, धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीन रात्री तिच्याकडे राहिले. त्या तीन दिवसांत इथं एवढा पाऊस पडला की ओढ्याचं पाणी सात नंबरच्या जागेत शिरलं. ती जागा खोलगट आहे. अ‍ॅथलनं काय करावं? त्यानं हुकावरची चावी काढली आणि ओर्लाची व्हॅन वर नेऊन लाकडांच्या शेडमागे उभी केली. चांगलंच केलं. नाहीतर चाकं रुतली असती. मग चावी त्यानं मागच्या चाकावर ठेवली.

आमच्या या भागात गाडीची चावी ठेवायची जागा म्हणजे मागचं चाक. सगळ्यांची. पोस्टमनची, डॉक्टरची, पाद्र्याचीसुद्धा. कोणाला गाडी हलवायची असली तर हलवता यावी म्हणून. चोरी बाहेरचाच माणूस करणार, आणि बाहेरच्या माणसाला पावसात वाकून चाक चाचपायचा कंटाळा. अ‍ॅथलनं जन्मभर चावी तिथंच ठेवली, त्याच्या बापानं तिथंच ठेवली. हात गेला आणि ठेवून मोकळा झाला. हुक काय, ते तर माझं खातं. आमच्या घरात असंच आहे, हुक माझे, लाकडं त्याची. मी शेडमागे जात नाही, तो एरवी ऑफिसात येत नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात एवढी वाटणी झाली की मग बोलायचं काही उरत नाही.

गुरुवारी दुपारी मी परत आले. ऑफिसात बघते तर सात नंबरचा हुक रिकामा. खिडकीतून बघते तर सात नंबरची जागा रिकामी, नुसतं तळं.

म्हणजे पोरगी सकाळीच उतरली, चावी घेतली आणि गेली. ना निरोप ना काही. नऊ दिवस माझ्या चुलीशी बसली, माझ्या हातचं खाल्लं, आणि जाताना दोन शब्द कागदावर खरडायला जमलं नाही बाईसाहेबांना. मला असा राग आला म्हणून सांगू! रात्री जेवताना मी अ‍ॅथलपुढे जगातल्या सगळ्या पाठपिशवीवाल्यांचा उद्धार केला. गरज सरो वैद्य मरो, अशी जात, म्हटलं. तिचं नाव मात्र घेतलं नाही, माझा मान दुखावला होता ना. अ‍ॅथल सूप पीत राहिला. कानातलं यंत्र त्याच्या खिशात होतं. एकदा जरी त्याला धड विचारलं असतं, सात नंबरची किती वाजता गेली रे, तर? पण नाही विचारलं. शुक्रवारी सकाळी पाणी ओसरलं तशी मी सात नंबरची जागा एका डच जोडप्याला दिली आणि हुकाला त्यांची चावी अडकवली.

शुक्रवारी आणि शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. महिन्यात असे दोन दिवस मिळाले तर आम्ही नशीब समजतो. मी चादरी धुतल्या, दोरीवर घातल्या आणि संध्याकाळी कडक वाळलेल्या काढल्या. वर बर्फ चमकत होता, वाराही नव्हता. हेलिकॉप्टरला अर्धा तास लागतो वरच्या हटला जायला.

सोमवारी दुपारी चहाच्या वेळी अ‍ॅथल म्हणाला, “सात नंबरची पोर अजून वरच आहे का गं? गाडीची बॅटरी उतरेल तिच्या. जरा चालू करून ठेवतो.”

मी म्हटलं, “कुठली गाडी?”

“तिची. शेडमागे आहे ती.”

मी कशी धावले ते मला आठवत नाही. पायात घरातल्या सपाता होत्या, आणि पाऊस परत लागला होता. शेडमागे ती निळी मेंढी. मागच्या चाकावर हात फिरवला तर चावी, आणि चावीला माझी चिठ्ठी, भिजून लगदा झालेली, पण माझं अक्षर दिसत होतं. ओर्ला, सात, गुरुवार.

तामातीला फोन केला. त्या दिवशी ढग उतरले होते, हेलिकॉप्टर मंगळवारी सकाळी गेलं. ती हटमध्येच होती, बाकड्यावर, झोपायच्या पिशवीत. बुधवारी शेवाळावरून घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. तशीच सरपटत हटपर्यंत परत गेली. डॉक्टर म्हणाले, रविवारी गेली असावी.

मंगळवारी दुपारी तामाती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चांगला पोरगा आहे. त्यांच्या माओरी रीतीप्रमाणे मला आंटी म्हणतो. डोळे लाल झाले होते त्याचे, त्यानंच तिला उचलून आणलं होतं. वही उघडून म्हणाला, “आंटी, विचारावं लागतं म्हणून विचारतो. चावी हुकाला होती?”

अ‍ॅथलनं माझ्याकडे बघितलं. मी किटली उचलत होते.

“नाही,” मी म्हटलं. “चाकावरच ठेवून गेली. अ‍ॅथलनं तिथूनच घेऊन गाडी हलवली. कधी परतणार तेही सांगितलं नाही.”

एवढं बोलायला मला वेळ लागला नाही, थुंकी गिळावी लागली नाही, काही नाही. तामातीनं लिहून घेतलं. चिठ्ठी तेव्हा चुलीत जळून गेलेली होती. म्हणजे ठरवलं मी आधीच होतं, नाही का?

महिनाभर मी स्वतःला समजावलं, की मी अ‍ॅथलला वाचवलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एका चांगल्या कामाचा असा शेवट झाला, त्यात त्याचा काय दोष? सगळं झूट. अ‍ॅथलनं वाचव म्हटलंच नव्हतं. मला माझे वीस हुक वाचवायचे होते.

खोटं एकदा घरात घेतलं की ते पाहुण्यासारखं बसून राहत नाही, कामाला लागतं. पेपरात आलं की तरुणी निरोप न ठेवता डोंगरात गेली. दुकानात लोक माझा हात धरून म्हणायला लागले, “ग्लेनिस, तू तरी काय करणार? हल्लीची पोरं ऐकतात का?” मी मान हलवायची. आणि मे महिन्यात एक कॅनडाचा पोरगा चावी न अडकवता निघाला होता, त्याला मी स्वतः ऐकवलं, “अडकव रे बाबा, मागे एक मुलगी विसरली, ती पेटीतून घरी गेली.” त्यानं घाबरून अडकवली. हे मी बोलले. माझ्या तोंडानं.

अ‍ॅथल तेव्हा दारात होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. सकाळी उठतो, शेडकडे जातो, लाकडं फोडतो. तीन हिवाळे पुरतील एवढी फोडून झाली, तरी फोडतो.

जूनच्या मध्यावर, एका सकाळी अकराच्या सुमारास, तामातीनं ओर्लाच्या आईला, नोरीनला, आणून सोडलं. माझ्याच वयाची बाई, ठेंगणी, केस बारीक कापलेले, अंगात नवऱ्याचा असावा असा मोठा कोट. पाऊस धो धो कोसळत होता. मी छत्री घेऊन पुढे झाले तर म्हणाली, “राहू द्या हो. आमच्याकडेही पडतो. एवढंच, की असा अंगावर धावून नाही येत.”

तिनं आधी व्हॅन बघितली. दार आतून ओढून घेतलं आणि तासभर बाहेर आली नाही. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हणत होते, देवा, ही तशीच आत बसून राहू दे आणि तशीच गाडी चालू करून जाऊ दे. मग ती आली. हातात ओर्लाचा एक लोकरी मोजा होता, एकच.

“दुसरा सापडला नाही,” ती म्हणाली. “सापडायचा नाहीच. जन्मापासून एका पायात मोजा.”

मी चहा केला, स्कोन ठेवले, लोणी ठेवलं, मुरंबा ठेवला, दुसरा मुरंबा ठेवला. हात थांबवायची भीती वाटत होती. ती म्हणाली, “बसा ना तुम्ही.” तेव्हा बसले.

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. हटच्या वहीतल्या पानाची प्रत, तामातीनं दिलेली. “तुम्ही वाचलंय का हे?”

“नाही,” मी म्हटलं. हे मात्र खरं होतं. तामातीनं विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं.

“मग ऐका. तुमचं नाव आहे यात.” तिनं चष्मा लावला आणि वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तसं, न थांबता. “बुधवार. पाय मोडला. हटपर्यंत आले, चूल पेटली, म्हणजे मी काही अगदीच बिनकामाची नाही. गुरुवार. पाऊस. दुखतंय फार. शुक्रवार. आभाळ मोकळं झालं. दुपारनंतर येतील. ग्लेनिस चावी बघेल. शनिवार. आजही मोकळं आहे. लाल रेनकोट दाराबाहेर टाकलाय, वरून दिसावा म्हणून. ग्लेनिसनं बघितली असणारच, त्यांनाच यायला वेळ लागत असेल. रविवार.” ती थांबली. “रविवारचा नुसता वार लिहिलाय.”

पाठीमागे शेडमध्ये कुऱ्हाड चालू होती. ठक, ठक.

“बिचारीला वाटत होतं हो, आपण अडकवलीय,” नोरीन म्हणाली. तिनं कागद नीट घडी करून ठेवला. “मला सगळ्यात जास्त तेच खातं. ती वाट बघत होती, आणि वाट बघण्यासारखं काही नव्हतंच. तिनंच ठेवलं नव्हतं. मी किती वेळा तिला बोललेय माहीत आहे? छत्री कुठंय, कोट कुठंय, डोकं मानेला चिकटलंय म्हणून बरं, नाहीतर तेही बसमध्ये राहिलं असतं. शेवटच्या फोनवरसुद्धा मी हेच बोलले. बँकेचं कार्ड हरवलं होतं तिनं.”

मी म्हटलं, “स्कोन घ्या ना.” हो, हे म्हटलं मी.

“तिचे वडील, डर्मट, ते आले नाहीत. विचारलं नाहीत तुम्ही, पण सांगते.” तिनं स्कोन घेतला आणि हातातच धरून ठेवला. “ते रागावलेत तिच्यावर. अजून. मेलेल्या पोरीवर रागावून बसलेत. म्हणतात, एक चावी. एका खिळ्याला एक चावी अडकवायची होती, तेवढंही केलं नाही तिनं आमच्यासाठी. तिचा फोटो काढून ठेवलाय त्यांनी भिंतीवरून. मी लावते, ते काढतात. दफनाला उभे राहिले ते असे, की जसं काही शेजाऱ्याकडचं आहे.” तिनं स्कोन ताटलीत ठेवला. “मी त्यांना दोष नाही देत. कुठंतरी राग ठेवायला लागतो माणसाला.”

कुऱ्हाड चालूच होती. मला वाटलं, बोल आता. मी उठले, किटलीत पाणी घातलं. किटली भरलेलीच होती, पाणी ओट्यावर सांडलं.

आणि मग ती बाई काय म्हणाली? ती म्हणाली, “खरं म्हणजे मी तुमची माफी मागायला आलेय. डर्मटनं मुद्दाम सांगितलंय. त्या बाईंची इतक्या वर्षांची व्यवस्था, एवढी माणसं वाचवलेली, आणि आपल्या मुलीनं त्यांच्या माथी हे मारलं. पेपरात तुमचं नाव आलं, लोक काय काय बोलले असतील. तेव्हा आम्हा दोघांकडून, मनापासून, माफ करा.”

ओटा पुसायचं फडकं मी खाली ठेवलं.

“ती विसरली नव्हती,” मी म्हटलं.

नोरीननं वर बघितलं.

“तिनं अडकवली होती. सात नंबरला. माझ्यासमोर. वर मला म्हणाली, ‘बघून ठेवा हं ग्लेनिस, नंतर आईला सांगायला साक्षीदार लागेल मला, तिचा विश्वास नाही बसायचा.’ गुरुवारी येते म्हणून सांगितलं, मी चिठ्ठी बांधली. सगळं नीट केलं तिनं. मीच चुकले. गाडी हलवली, चावी चाकावर राहिली, हुक रिकामा बघून मी समजले की गेली ती. विचारलं नाही कोणाला. शेडमागे जाऊन बघितलं नाही. चार दिवस तिला शिव्या देत बसले. आणि नंतर पोलिसाला खोटं सांगितलं. मदतीच्या सिग्नलचं यंत्र भाड्यानं घेऊ का म्हणून विचारलं होतं तिनं, तर मीच नको म्हटलं.”

दारात अ‍ॅथल उभा होता. कुऱ्हाड कधी थांबली ते मला कळलं नव्हतं. टोपी हातात, यंत्र कानात. म्हणाला, “गाडी मी हलवली. चावी मी ठेवली चाकावर.” कित्येक आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकला मी.

नोरीन उभी राहिली. मला वाटलं मारते आता, आणि मारावं असं मला फार वाटत होतं. पण तिचा चेहरा भलताच दिसत होता. उजळला होता हो तो! तसा चेहरा मी परत बघू इच्छित नाही.

“अडकवली होती?” ती म्हणाली. “तिनं? अडकवली होती?”

“हो.”

“फोन कुठंय तुमचा?”

ऑफिसात, मी हात केला. तिकडे तिच्या घरी मध्यरात्र उलटून गेली असणार, पण ती थांबली नाही. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. “डर्मट, ऊठ. ऊठ रे. तिनं अडकवली होती. हो, चावी. अडकवली होती तिनं. नाही, विसरली नव्हती आपली ओर्ला. त्या बाई आत्ता म्हणाल्या. डर्मट. अरे, बोल ना काहीतरी.” मग बराच वेळ ती नुसती फोन कानाला लावून उभी होती. तिकडून रडण्याचा आवाज येत असावा, कारण ती मधून मधून म्हणत होती, “हो, हो. लाव. आत्ता लाव. दिवा लावून लाव.”

मी ओट्याला टेकून उभी होते. अ‍ॅथल दारातून हलला नाही. एवढं बोलल्यावर मोकळं वाटेल असं लोक म्हणतात. मला काही मोकळं वाटलं नाही.

ती परत आली ती हळू, एकेक पाऊल टाकत. खुर्चीवर बसली नाही. प्लॅस्टिकमधला कागद पुन्हा काढला आणि चष्मा लावला.

“गुरुवारी यायची होती. मग तुम्ही शोध कधी सुरू केला असता?”

“शुक्रवारी दुपारी. बाराला.”

“शुक्रवारी आभाळ मोकळं, असं लिहिलंय तिनं.”

“होतं.”

“हेलिकॉप्टर जाऊ शकलं असतं?”

“अर्ध्या तासात.”

“म्हणजे शुक्रवारी एक वाजता,” ती म्हणाली. बोट कागदावर शुक्रवारच्या ओळीवर होतं. ते तिनं शनिवारवर सरकवलं, मग रविवारवर, आणि तिथंच ठेवलं. चेहऱ्यावरचा तो उजेड गेला. तो जाताना मी बघत होते.

“तामातीला मी आज सांगते,” मी म्हटलं. “पेपरवाल्यांनाही. सगळं लिहून देते.”

“द्या,” ती म्हणाली.

तिनं कोटाची बटणं लावली, मोजा खिशात घातला. अ‍ॅथलनं चावी पुढे केली. तिनं ती घेतली, त्याच्याकडे न बघता. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाली, “चहाबद्दल थँक्यू. आणि खरं सांगितलंत त्याबद्दल, थँक्यू.”

मग ती पावसात गेली. व्हॅनचं दार लागल्याचा आवाज आला, इंजिन घरघरलं. अ‍ॅथलनं गाडी दर आठवड्याला चालू करून ठेवली होती, पहिल्याच फटक्यात लागलं. गाडी वळली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. इंजिन चालू ठेवूनच ती उतरली. भिजत परत आली, पायऱ्या चढली, दारात उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं.

“मघाशी मी थँक्यू म्हटलं,” ती म्हणाली. “सवय असते हो तोंडाला. ते मी परत घेते.”

“घ्या,” मी म्हटलं.